मदत हवी आहे: मोटारी आणि मोटारसायकली दोन्ही धावणाऱ्या सर्किटवर वळणाबाहेर डांबर असावे की खडी?

सर्वांना नमस्कार. स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटचा अभ्यास करत आहे. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या, सुमारे ५.१ किलोमीटर लांबीच्या आणि १६ वळणांच्या या मार्गावर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यतही झाली. पुढच्या गाडीला मागे टाकण्याची संधी मिळावी म्हणून तिसऱ्या वळणाचे तोंड मुद्दाम रुंद ठेवले आहे. त्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला चौथे वळण येते. इथवरची आखणी समजते. माझे अडते ते त्या वळणाबाहेरच्या रन-ऑफपाशी, म्हणजे ताबा सुटलेली गाडी जिथे जाते त्या मोकळ्या जागेपाशी.

मोटारींसाठी डांबराची बाजू मला पटते, कारण डांबरावर ब्रेक लागतात, तर खडीत आडवे गेलेले चाक रुतून गाडी उलटू शकते. उलटलेली गाडी खडीने थांबतेच असेही नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोन सर्किटवर फॉर्म्युला वन चालक झोउ ग्वानयू यांची उलटी झालेली गाडी खडी पार करून, टायरच्या भिंतीवरून थेट जाळीवर आदळली होती. मात्र डांबर असले की चुकीची किंमतच मोजावी लागत नाही. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये चालकांनी मार्गाची हद्द ओलांडल्याच्या १,२०० हून अधिक संशयित घटना तपासाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी तिथे शेवटच्या दोन वळणांच्या कडेला खडीचे पट्टे आले. (हा उपाय आधीच का केला नाही, हे कोडेच आहे.)

मोटारसायकलस्वाराचे गणित वेगळे आहे. पडलेला स्वार डांबरावरून घसरत जातो, त्याचा वेग फारसा कमी होत नाही. २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या सर्किटवर मोटारसायकलस्वार लुईस सालोम यांचा मृत्यू झाला, त्या वळणाबाहेर डांबरच होते आणि त्यानंतर उरलेल्या शर्यतींसाठी मार्ग बदलावा लागला.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की दोन्ही प्रकारच्या शर्यती घ्यायच्या असतील तर आधी डांबर आणि मग खडी हा क्रम योग्य ठरेल का, आणि डांबराची रुंदी कोणत्या वेगावरून काढावी? कडेचा खडीचा अरुंद पट्टा मोटारींना शिस्त लावेल, पण तोल सावरत सरळ बाहेर गेलेल्या स्वाराला तोच पाडेल, अशी मला शंका आहे. शिवाय उत्तर भारतातल्या पावसाळ्यात खडीत माती मिसळून थर घट्ट होऊ नये म्हणून खाली निचऱ्याची सोय कशी करतात, हे अशा बांधकामावर काम केलेल्या कोणी छेदाच्या आकृतीसह समजावल्यास फार मदत होईल.