पुन्हा बायोप्सी का करायची

‘स्तनाच्या कॅन्सरचा ईआर, पीआर, हर-टू रिपोर्ट एकदा आला की परत बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) म्हणजे नुसता खर्च’, असं काहीजण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. ईआर आणि पीआर म्हणजे कॅन्सरच्या पेशींमधले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना पकडणारे रिसेप्टर, आणि हर-टू म्हणजे पेशींची वाढ घडवणारं एक प्रथिन. आमच्या मावशीचा पहिला रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह होता. लेट्रोझोल ही हार्मोनवरची गोळी चालू असतानाच यकृतात गाठ दिसली. घरात सगळे गोळी बदला म्हणत होते, डॉक्टर मात्र बायोप्सीवर अडून बसले. नव्या तुकड्यात ईआर निगेटिव्ह आणि हर-टू 3+ म्हणजे ठळक पॉझिटिव्ह निघालं! म्हणजे ज्या ईआरच्या भरवशावर गोळी चालते, तोच उरला नव्हता. मग ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध सुरू झालं. जुन्याच रिपोर्टवर विसंबलो असतो तर ते तिला मिळालंच नसतं.

उलटही घडतं, आणि ते जास्त फसवं. ईएसआर-1 या ईआर बनवणाऱ्या जनुकात बदल झाला की इस्ट्रोजेन नसतानाही रिसेप्टर चालूच राहतो. लेट्रोझोल तर फक्त इस्ट्रोजेन कमी करतं. त्यामुळे रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह दिसतं, पण गोळी निष्प्रभ झालेली असते. हा बदल रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएच्या तपासणीतही सापडू शकतो, तेव्हा बायोप्सीची भीती असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

आणि हर-टू 2+ म्हणजे संदिग्ध आलं असेल तर ते ‘निगेटिव्ह’ धरून घरी जाऊ नका. फिश चाचणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) झाल्याशिवाय तो निकाल अर्धवटच असतो. त्यासाठी पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, लागतो, तो लॅबमधून मागून घ्या आणि जपून ठेवा. आम्हाला तो शोधायला दोन आठवडे लागले.