तिकडं पेन्शनवर मतदान होतंय म्हणे, आपल्याकडं झालं तर?

जिंतूरवाला_क्लार्क:
मंडळी, डोक्यात एक किडा शिरलाय. मेव्हणा कॅलिफोर्नियात एका विद्यापीठात लॅबमधे आहे, परवा फोनवर सांगायलता की तिकडं सरकारी लोकांच्या पेन्शनवर पब्लिकच मतदान करती, २०१२ ला सॅन होजे अन् सॅन डिएगोत लोकांनी मतं देऊन पेन्शनला कात्री लावली. मी इकडं विद्यापीठात क्लार्क, जॉइनिंग २००६ ची, म्हणजे एनपीएसच्या खड्ड्यात, जुनी ठरलेली पेन्शन नाही, पगारातून कापून बाजारात गुंतवायची नवी पेन्शन. मेव्हण्याच्या विद्यापीठाला ते लागू होतं का? अन् इकडं असं मतदान घेतलं तर आपण जगू का मरू?

निवृत्त_मास्तर_नांदेड:
ते मतदान शहराच्या कर्मचाऱ्यांपुरतं होतं. मेव्हणा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात असेल तर त्यांचा पेन्शन फंडच वेगळा. त्यांची गंमत मतदानात नाही, आधीच्या वीस वर्षांत आहे. १९९० पासून २०१० पर्यंत फंड भरलेला आहे म्हणून विद्यापीठ पैसे टाकत नव्हतं अन् कर्मचारी पण नाही, मग फंड आटला तेव्हा सगळे जागे झाले. १ जुलै २०१६ नंतर लागलेल्याला दोनच पर्याय, कमाल मर्यादा घातलेली पेन्शन नाहीतर आपल्या एनपीएससारखं खातं. ह्यासाठी कुणी बूथवर गेलं नाही. अन् सॅन डिएगोचं मतदान पुढं कोर्टात टिकलंच नाही.

माजलगावचा_गडी:
मतदान कशाला मागता मालक, घरातच हरू. २०२३ च्या मार्चमधे संपाला बसलो, "एकच मिशन जुनी पेन्शन"ची टोपी घालून घरी गेलो तर वडील कापसाच्या पऱ्हाट्या उपटायलते, टोपीकडं बघितलं अन् म्हणले, मला पीएम किसानचे वर्षाला सहा हजार येतात, तुला महिन्याला किती पाहिजेत रे? मी गपचिप पऱ्हाट्या उपटायला लागलो. आता सांगा ते कुणाला मत देतील.

लातूरची_ताई:
गडी भाऊ, खरंय तुमचं, पण आमचे पण दहा टक्के दर महिन्याला कटतात की, अन् म्हातारपणी हातात काय येणार ते शेअर मार्केटला माहीत. ते असू द्या. क्लार्क दादा, तुमची जाहिरात कधीची होती? १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची जाहिरात अन् जॉइनिंग नंतरची, अशांना जुन्या पेन्शनचा एकदाच पर्याय द्यायचा निर्णय कॅबिनेटनं जानेवारी २०२४ ला घेतला. तो राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी निघाला, विद्यापीठवाल्यांचं काय ते तुमच्या आस्थापना विभागात लेखी विचारा, तोंडी विचारलं की साहेब लोक "बघू" म्हणतात. पण आधी जाहिरातीचं कात्रण शोधा.

जिंतूरवाला_क्लार्क:
ताई, तुमचं वाचून रात्री साडेअकराला आईची पत्र्याची पेटी उघडली. कात्रण सापडलं हो! ऑर्डरच्या घडीत होतं, एका कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलंय पण तारीख दिसती, ऑगस्ट २००५. आई म्हणती मीच ठेवलं होतं, नोकरीचा पहिला कागद म्हणून. लॅमिनेशन करून घेऊ का?

लातूरची_ताई:
अजिबात नको! लॅमिनेशन केलं की मूळ कागद नाही म्हणून अडवतात. चार झेरॉक्स काढा अन् पेटीत होतं तसंच परत ठेवा.

माजलगावचा_गडी:
लोणच्याची बरणी मात्र दुसरीकडं ठेवा.