गावातल्या दगडावर आकडा आहे, नावं कुठे शोधायची?

खटावकर_७८:
आमच्या गावात (सातारा जिल्हा) जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत एवढंच लिहिलंय की या गावातून २३ जण १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातले ५ मेले. नाव एकाचंही नाही. आता चावडी पाडून नवीन ऑफिस होतंय, पाटी बसवणार आहेत परत पण मला वाटतं शेजारी त्या ५ जणांची नावं लागायलाच पाहिजेत. त्यातले एक माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ, आजी म्हणायची "तात्या बसऱ्याला गेला नि तिकडंच ऱ्हायला". त्यांच्या आईला सरकारकडून पितळेसारखी मोठी गोल चकती आलेली ती अजून आमच्या ट्रंकेत आहे. बाकी चौघांचं गावात कुणालाच सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?

पलटणवाला:
ती चकती जपा, ब्राँझची असते, मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी पाठवायचे, त्यावर नाव असतं पण पलटण नसते. पलटणीसाठी मेडल शोधा, चांदीचं राजाच्या तोंडाचं, त्याच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते, भिंग लावून वाचा. बसरा म्हणजे बहुतेक मेसोपोटेमियाची आघाडी, आजचा इराक. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) पुण्याची ६वी डिव्हिजन अडकलेली आणि तिच्यात आपल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, खायला संपलं तेव्हा घोडी खाल्ली, शरण गेल्यावर कैदेत चालत नेताना किती गेले याला गणती नाही. पलटण कळली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साईटवर शोधा, बऱ्याच नोंदीत बापाचं नाव आणि गाव, तालुका असतो.

आणि आकड्याचं म्हणाल तर बसऱ्याच्या स्मारकावर पण तेच झालंय हो. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. कमिशनने २०२१ साली ही चूक जाहीर कबूल केली. मला याचा खूप राग येतो.

रश्मी_ठाणे:
साईटवर शोधताना स्पेलिंग दहा प्रकारे टाकून बघा, जाधवचं काहीही केलेलं असतं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर म्हणून वैमानिक होते, पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवणारे अगदी मोजके हिंदी होते त्यातले एक. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर गस्तीला गेले ते परत आलेच नाहीत, जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला वारले. जर्मनांनी पुरलं पण नाव चुकीचं लिहून, त्यामुळे युद्ध संपल्यावर कबर शोधून ओळख पटवावी लागली. ऑफिसराचं हे तर शिपायाचं काय होणार.

माणगावचा:
आमच्याकडे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, दर वर्षी हार घालतो. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या चौकीवर चालून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला पण कबर नाही, तिथल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावातल्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ बसवलं. परक्या गावाने केलं, मग आपल्या गावाने का नाही. तुम्ही नक्की करा दादा, दगडाला वर्गणी कमी पडली तर सांगा.

पलटणवाला:
आणि घाडग्यांची पलटण ३/५ मराठा, म्हणजेच कूतला होती ती जुनी ११०, नंतर नंबर बदलला.

खटावकर_७८:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ट्रंक उपसली, चकतीखाली फडक्यात मेडल निघालं, आईला तर माहीतच नव्हतं. कडा चिंचेने घासणार होतो पण भीती वाटली म्हणून नुसतं पुसून मोबाईलने फोटो मोठा करून वाचला. ११० मराठा. नंबर पण स्पष्ट आहे. साईटवर त्याच पलटणीत आमच्या तालुक्याचे आणखी दोघं सापडलेत, गावाचं नाव वाकडं लिहिलंय पण वाचलं तर आमचंच वाटतं. रविवारी त्या दोन आडनावांच्या घरी जाऊन ट्रंका उघडायला सांगणार आहे.