मदत हवी आहे: सीटबेल्टसक्ती सज्ञान माणसावर का? चालकांना पटेल असं उत्तर हवंय

खाडीकाठ
गणपतीच्या आधी गुहागर-दाभोळ पट्ट्यातल्या टुरिस्ट गाड्यांच्या चालकांची बैठक आहे. तिथे सीटबेल्टवर बोलायचं आहे. "लावा, नाहीतर दंड" एवढ्यावर कोणी ऐकणार नाही, कारण त्यांचे प्रश्न रास्त आहेत. स्वतःच्या जिवाचं काय करायचं ते सज्ञान माणसासाठी सरकारने का ठरवावं? मी पट्टा लावला नाही तर दुसऱ्याचं काय बिघडतं? आमच्या वळणांच्या रस्त्यावर गाडी पन्नासच्या वर जातच नाही, मग कशाला? एअरबॅग आहे की. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, गाडी खाडीत गेली तर पट्ट्यात अडकून मरायचं का? महाडजवळचा सावित्रीचा पूल २०१६ मध्ये वाहून गेला तेव्हापासून ही भीती लोकांच्या मनात आहे, ती हसण्यावारी नेता येणार नाही. जाणकारांनी कलम, आकडे, कारणं यांसह लिहावं ही विनंती.

जांभादगड
सुरुवात त्या "पन्नास"पासूनच करा. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने आपटणं हे १० मीटर उंचीवरून खाली पडण्याइतकं असतं. माडावरून पडलेल्या माणसाचं काय होतं हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता पट्टा नेमकं काय करतो ते सांगा. गाडी चिऱ्याच्या गडग्यावर समोरून आदळली की पुढचा भाग चेपत चेपत ती साधारण अर्ध्या मीटरात थांबते. पट्टा लावलेला माणूस गाडीबरोबरच थांबायला लागतो आणि पट्टा थोडा ताणतो, म्हणून त्याला थांबायला ६० सेंमीच्या आसपास जागा मिळते. ६० किलोच्या माणसावर तेव्हा सरासरी १ टनाच्या आसपास जोर येतो, तोही खांदा, छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड यांच्यावर वाटून. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर १० सेंमीत थांबतो. मग तोच जोर ६ टनांच्या घरात जातो. "हाताने धरून बसतो" म्हणणाऱ्याला विचारा, १ टन तरी हाताने पेलेल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पट्ट्यामुळे पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे पट्टा लावूनही माणसं दगावतात. हे तुम्ही आधीच सांगा, म्हणजे "अमक्याने लावला होता तरी गेला" या उदाहरणावर बैठक अडणार नाही.

तिठा
कायद्याचं लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १३८(३) प्रमाणे चालक, त्याच्या शेजारी बसलेला आणि मागच्या पुढे-तोंड असलेल्या सीटवरचे प्रवासी, सगळ्यांना पट्टा लागू आहे. "मागच्यांना लागू नाही" हा निव्वळ गैरसमज. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि त्यात आकडा १००० रुपये आहे. चालकांनी कान देऊन ऐकावं अशी गोष्ट त्याच कलमात आहे: पट्टा न लावलेला प्रवासी नेला तरी जबाबदार चालकच. १४ वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तरी तेच.

आता "माझा जीव, माझी मर्जी". यावर "तुमच्याच भल्यासाठी आहे" हे उत्तर मला लंगडं वाटतं. सज्ञान माणसाला ते झोंबतं, आणि झोंबावंच. खरं उत्तर असं की गाडीची केबिन एकट्याची नसते. मागे ७० किलोचा माणूस मोकळा बसलाय आणि गाडी पन्नासने आदळली, तर तो पुढच्या सीटच्या पाठीवर अडीच-पावणेतीन टनांच्या जोराने येतो. पुढच्याने पट्टा लावलेला असला तरी त्याच्या पाठीत ती सीट घुसते. टोक्यो विद्यापीठातल्या संशोधकांनी जपानमधल्या अपघातांची नोंद तपासून २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की मागचे प्रवासी मोकळे असतील तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो. "दुसऱ्याचं काय बिघडतं" याचं यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. चालकाचंही तसंच. खड्ड्यात चाक आपटून तो सीटवरून सरकला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही सुटतात आणि गाडी समोरच्या एसटीवर जाते.

समजावून सांगा, सक्ती नको, असंही कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं प्रचार चालला, तरी पुढच्या सीटवर पट्टा लावणारे चाळीस टक्क्यांच्या आसपासच अडकले होते. ३१ जानेवारी १९८३ ला कायदा लागू झाला आणि प्रमाण नव्वदच्या वर गेलं. लोक विरोधात नव्हते, विसरत होते किंवा संकोचत होते. नियम आला की "लाव रे" म्हणणाऱ्याला वाईटपणा येत नाही, चालकांना तर हे नक्कीच कळेल.

आपल्याकडे हेल्मेटसक्तीचा प्रश्न १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. फिरण्याच्या स्वातंत्र्यावर ती गदा ठरत नाही, असंच न्यायालयाने म्हटलं.

गॅरेजवाला_दापोली
एअरबॅगचं मी सांगतो. ती पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नाही. सेकंदाच्या वीसाव्या-तिसाव्या भागात ती ताशी ३०० किमीच्या आसपास वेगाने फुगते. पट्टा नसलेला माणूस तेव्हा पुढे झुकून तिच्या तोंडावरच पोचलेला असतो. छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंमी ठेवा. गाडी उलटली किंवा दुसरी धडक बसली तर एकदा फुटलेली एअरबॅग काही करत नाही, पट्टा मात्र धरून असतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी भारी होती, पण मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते.

गाड्यांत प्रत्यक्ष दिसणारे दोष:

सगळ्यात जास्त सापडतो तो रेक्झिनच्या कव्हरखाली पुरलेला मागचा बकल. प्रवाशाने मागितला तरी सापडत नाही. कव्हरला तिथे काप द्या, कडा शिवून घ्या.

दुसरा, बीप बंद करायला खोचलेली नुसती क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना त्या विकायला मनाई केली. आधी ती काढून फेका.

तिसरा, मुंबईहून रात्रीच्या प्रवासात शेजारचा माणूस सीट आडवी करून झोपतो. पट्टा छातीपासून सुटतो आणि धडकेत अंग त्याच्याखालून पुढे सरकतं. कमरेचा भाग पोटावर चढला की आतडं, यकृत फाटतं. कमरेचा पट्टा मांडीलगत हाडावर, खांद्याचा मानेपासून दूर कॉलरबोनवर, पाठ ताठ. गरोदर बाईने कमरेचा भाग पोटाखालून घ्यायचा.

खाऱ्या हवेत पट्टा चिकट होतो आणि मागे गुंडाळत नाही. पूर्ण बाहेर ओढून धरा, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच आत सोडा. ब्लीच नको, धागा कुजतो. बकलमध्ये तेल सोडू नका, वाळू चिकटून तो अडतो. मग झटका देऊन पाहा: लॉक व्हायलाच हवा. कडा विसविशीत झालेला किंवा मोठ्या अपघातात वापरलेला पट्टा शिवून चालत नाही, बदलायचा.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. खाडीचा प्रश्न राहिला.

जांभादगड
पाण्यावर आदळणं हीसुद्धा धडकच. पट्टा नसेल तर डोकं आपटून शुद्ध जाते, मग दार उघडणार कोण? पट्टा लावलेला माणूस शुद्धीवर असतो, आणि बकल ताणाखालीसुद्धा अंगठ्याच्या दाबाने सुटतो. गाडी लगेच बुडत नाही, पहिलं मिनिट हातात असतं. फोन लावत बसू नका. क्रम असा: पट्टा सोडा, खिडकी खाली करा (पॉवर विंडो सुरुवातीला बहुधा चालते), आधी मुलं बाहेर, मग आपण. दाराच्या मागे लागू नका, पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. काच अडली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडी मारा. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, ती दोन थरांची असते. गाडी उलटी असेल तर एक हात छताला टेकवूनच बकल सोडा, नाहीतर मानेवर पडाल. हातोडी डिकीत ठेवली तर उपयोग नाही, चालकाचा हात पोचेल तिथेच बांधा.

तिठा
एक राहिलं. पट्ट्यांपेक्षा माणसं जास्त असतील तर एका पट्ट्यात दोघांना कोंबू नका, धडकेत दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. ज्यादा माणूस म्हणजे दुसरी फेरी, हे भाडं ठरवतानाच सांगा.