बार्सिलोना: मे की दिवाळीची सुट्टी? (सप्टेंबर सुचवू नये, ही विनंती)

गोडा_मसाला

घरात पंधरा दिवस धुमश्चक्री चालू आहे, म्हणून शेवटी धागा काढतेय. बार्सिलोना, साधारण आठ दिवस, याच वर्षी म्हणजे २०२६ मध्ये. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा फुटबॉलवेडा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा तिघांपेक्षा जास्त. मुलगा पुण्यात स्टेट बोर्डात, त्यामुळे मे नाहीतर दिवाळी. नवरा मेच्या बाजूने, मी दिवाळीच्या. सासूबाई म्हणतात, "मला त्या समुद्रात पाय बुडवायचेत. बाकी तुम्ही ठरवा."

शाळा बुडवा असं कृपया कुणी सांगू नका.

रिकामा_वेळ

मे. डोळे झाकून मे. दुपारी २१-२२ अंश, घाम नाही, स्वेटर नाही, आणि रात्री नऊपर्यंत उजेड. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर हा उजेड फार कामाचा. माझे वडील जेवून तीन तास झोपायचे, सहाला उठून चहा घेऊन पुन्हा बाहेर, तरी तीन तास हातात. नोव्हेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो. दुपारची झोप काढली की दिवस संपला.

खाडीपलीकडे

मे सुचवणारे लोक समुद्रात उतरत नाहीत, नुसते समोर उभं राहून फोटो काढतात. मेमध्ये तिथलं पाणी १७-१८ अंश असतं. आमच्या मालवणला पाणी वर्षभर २६ च्या खाली क्वचित जातं, त्या सवयीने आत गेलात तर घोट्यापर्यंतच "आई गं" होईल.

पाणी हवेपेक्षा उशिरा तापतं आणि उशिराच निवतं. म्हणून जूनपेक्षा सप्टेंबरातला भूमध्य समुद्र जास्त कोमट असतो, २३-२४ अंश. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली आणि २४ सप्टेंबरला ला मेर्से, म्हणजे शहराच्या ग्रामदेवतेची जत्रा. १६८७ साली टोळधाड आली तेव्हा लोकांनी या देवीला नवस केला होता, तेव्हापासूनचं प्रस्थ. रस्त्यात आगीचे फवारे उडवत पळणारी भुतं, आणि नगरपालिकेसमोरच्या चौकात माणसांचे मनोरे. मूळ विनंती वाचली, पण चुकीच्या अटीवर बरोबर उत्तर देता येत नाही. सप्टेंबर.

गोडा_मसाला

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे. २४ तारखेला मी बार्सिलोनात असेन तर परत पुण्यात घ्यायचं की नाही हे सासूबाई ठरवतील.

खाडीपलीकडे

गौरींबरोबर गणपती गेले की दुसऱ्या दिवशी निघा. आमच्याकडे चाकरमानी तेच करतात, फक्त मुंबईला जातात.

उगाच_एक

माणसांचे मनोरे म्हटल्यावर पहिला "दहीहंडी!" कोण म्हणतो याची वाट बघतोय.

खाडीपलीकडे

मीच म्हणतो, पण फरकासकट. तिथे हंडी नाही. सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं लहान पोर जातं, एक हात वर करतं आणि दुसऱ्या बाजूने उतरतं. मनोरा रचला म्हणजे काम अर्धंच झालं. सगळे थर धड खाली आले तरच तो पूर्ण मोजतात. कमरेला लांब काळा पट्टा घट्ट गुंडाळलेला असतो, त्यात पाय रोवून वरचा चढतो. आपल्याकडे उतरण्याचे गुण देऊन बघा, निम्मी मंडळं बाद होतील.

जुनी_वास्तू

महिना समुद्रावरून का ठरवताय? बार्सिलोनातली समुद्राकाठची वाळू बरीचशी १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने तयार झालेली आहे. त्याआधी तिथे कारखाने होते, रेल्वेचे रूळ होते, शहर समुद्राकडे पाठ करून बसलं होतं. तारकर्ली बघितलेल्यांनी त्या वाळूसाठी युरोपात जाण्यात अर्थ नाही.

बघायचाय तो साग्रादा फामिलिया या चर्चमधला उजेड, आणि तो महिन्यावर अवलंबून असतो. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी आत गेलं की खांब पाण्यात बुडाल्यासारखे वाटतात, आणि दिवस कलताना तेच खांब निखाऱ्यासारखे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खाली असतो, त्यामुळे किरण आडवे, पार आतपर्यंत येतात. नोव्हेंबरातल्या दुपारी चारला मी तिथे बाकावर बसलो ते पहारेकऱ्याने उठवेपर्यंत. माझं मत दिवाळी, आणि जमत असेल तर सरळ जानेवारी.

रिकामा_वेळ

तो लाल उजेड मेमध्येही येतो हो, सूर्य मेमध्येही पश्चिमेकडेच मावळतो. फक्त दुपारी चारचं तिकीट काढू नका, संध्याकाळी सहाचं काढा. उन्हाळ्यात चर्च जास्त वेळ उघडं असतं, ते त्यासाठीच असावं.

जुनी_वास्तू

उजेड येतो, मान्य. पण समोर पाचशे माणसं हात वर करून मोबाइल धरून असतात, त्यांच्यातून तो गाळून घ्यावा लागतो. त्यात यंदा त्या चर्चचा वास्तुकार गौदी याच्या मृत्यूला शंभर वर्षं होतायत. ७ जून १९२६ ला त्याला ट्रामने धडक दिली, अंगावरच्या जुन्या कपड्यांमुळे लोकांना तो भिकारी वाटला, १० जूनला तो गेला. गेल्या ऑक्टोबरात ते चर्च जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून जगात सगळ्यात उंच झालं. म्हणजे या उन्हाळ्यात झुंबड उडणार.

पान_उलटा

२३ एप्रिलचं नाव कुणीच घेतलं नाही? सांत जोर्दी. सगळं शहर रस्त्यावर येऊन गुलाब आणि पुस्तकं विकत घेतं, लेखक टेबल टाकून सह्या देत बसतात. जागतिक पुस्तक दिनाची तारीख युनेस्कोने १९९५ मध्ये ठरवली, त्यामागे हाच सण आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर फक्त पुस्तकं विकली जातायत अशी कल्पना करा!

गोडा_मसाला

पुस्तकांची कल्पना मोहक आहे, पण तेव्हा चिरंजीवांची परीक्षा असते. आणि ऑगस्टबद्दल कुणीच बोललं नाही?

सान्त्सकर

ऑगस्टबद्दल मी बोलतो. मी इथे बार्सिलोनातच नऊ वर्षं राहतोय. ऑगस्टात गावातली माणसं गाव सोडून जातात. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, चपला दुरुस्त करणारा, माझा आवडता जेवणाचा अड्डा, सगळ्यांच्या दारावर "सुट्टीनिमित्त बंद"चा कागद. उरतो ते पर्यटक आणि उकाडा. हवा दमट, रात्री पारा २० च्या खाली येत नाही, आणि जुन्या घरांत एसी नाही. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात पंखासुद्धा नव्हता, मालकीणबाईंनी "खिडकी उघडा" असा उपाय सांगितला. खिडकीखाली रात्री दोनपर्यंत बार. जुलै २०२४ च्या शेवटी फाब्रा वेधशाळेत ४० अंशांची नोंद झाली. मुंबईकरांनी मुंबईचाच मे महिना युरो मोजून विकत घेऊ नये.

आता खरी गोष्ट. इथल्या लोकांना विचाराल तर पाहुण्यांनी यायचा चांगला महिना म्हणजे ज्या महिन्यात आम्हाला बसमध्ये बसायला जागा मिळते तो. २०२४ च्या जुलैत लोकांनी मोर्चा काढून पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ती बातमी आठवत असेल. भाडी परवडत नाहीत हा त्यामागचा राग. पर्यटकांना घरं देण्याचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं नगरपालिकेने जाहीर केलंय. म्हणून म्हणतो, नोव्हेंबरात या. रस्ते मोकळे, हॉटेलं स्वस्त, वेटर हसून बोलतो. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर शेगडी पेटवून चेस्टनट आणि रताळी भाजून देणाऱ्या टपऱ्या. ३१ ऑक्टोबरच्या आसपास कास्तान्यादा, म्हणजे चेस्टनटचा सण असतो, तेव्हापासून थंडीत त्या दिसतात. कागदात गुंडाळलेलं गरम रताळं हातात घेऊन चालायचं.

गोडा_मसाला

रताळ्याचं मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई पाय बुडवायचं विसरल्या.

रिकामा_वेळ

थांबा, पूर्ण चित्र द्या ना साहेब. दिवाळी दरवर्षी सरकते, तिथला पाऊस सरकत नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. भाऊबीज उरकून निघणार म्हणजे महिन्याचा मध्य. गेल्या वर्षी दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती, तेव्हा हवा तरी उबदार असते. "दिवाळीत गेलो, मस्त होतं" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या साली?

आणि ४ नोव्हेंबर २०२४ ला बार्सिलोनाच्या विमानतळात पाणी शिरलं होतं, विमानं रद्द झाली होती. त्याच्या आधी आठवड्याभरात वॅलेन्सियाकडच्या पुरात दोनशेवर माणसं गेली. उन्हाळाभर तापलेला समुद्र, त्यावर वरच्या थरात थंड हवा आली की ढग कोसळतात. सान्त्सकरांना हे माहीत नाही असं नाही.

सान्त्सकर

माहीत आहे. त्या दिवशी मोबाइल भोंग्यासारखा किंचाळला होता, मी ऑफिसातच अडकलो. पण तुम्ही ते रोजचं असल्यासारखं मांडताय. इथे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजारांच्या वर जातो, तरी मुंबईकर लोकल पकडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तर इथे दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली होती. आठ दिवसांत एखादा दिवस भिजाल, तो दिवस संग्रहालयाला द्या. तुमचे वडील दुपारी झोपले म्हणून सगळ्या जगाने मेमध्ये यावं असं थोडंच आहे?

रिकामा_वेळ

वडिलांना मध्ये आणू नका. पण हो, ७१ वर्षांच्या बाईंना दुपारी झोप लागते, हा माझा अंदाज आहे. गोडा_मसाला सांगतीलच.

गोडा_मसाला

लागते. दोन ते साडेचार. भूकंप झाला तरी.

खाडीपलीकडे

माझ्या सप्टेंबराला कुणी विचारत नाहीये, तर एक हिशोब सांगून गप्प बसतो. नोव्हेंबरच्या मध्यात तिथलं पाणी किती असतं? तेच १७-१८. मेइतकंच. म्हणजे पाय बुडवण्याच्या मुद्द्यावर दोन्ही महिने बरोबरीत. फरक पाण्यातून बाहेर आल्यावरचा. मेमध्ये वाळूवर बसून पाय उन्हात सुकतात. नोव्हेंबरात टॉवेल, मोजे, आणि रात्री गुडघा.

सान्त्सकर

गुडघ्याचा मुद्दा मान्य.

पान_उलटा

मुलाच्या फुटबॉलचं काय? स्पेनची लीग मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. नोव्हेंबरच्या मध्यात देशांच्या संघांचे सामने असतात, तेव्हा लीग बंद. बार्सिलोना क्लबचं कॅम्प नोऊ मैदान दुरुस्तीनंतर गेल्या नोव्हेंबरात पुन्हा उघडलंय, आणि पोराला रिकाम्या खुर्च्या दाखवून आणणार?

उगाच_एक

खर्चाचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना ४५. अकरा वर्षांचे चिरंजीव बारा कधी होतात?

गोडा_मसाला

ऑगस्टमध्ये!! नवरा शेजारी बसून हे वाचतोय आणि त्याचा चेहरा बघवत नाहीये.

उगाच_एक

म्हणजे मेमध्ये ४५ युरो वाचतात. चौघांचं दोन वेळचं आइस्क्रीम. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे मेसाठी आजच लागा. उन्हाळी सुट्टीच्या वेळा लोक मिठाईच्या दुकानात दिवाळीला पळवतात तशा पळवतात. आमची एका वर्षी पहिली मिळालेली वेळ विमानाच्या तारखेनंतरची होती.

जुनी_वास्तू

मे नक्की करत असाल तर निदान पहिल्या पंधरवड्यात जा. जूनला चिकटू नका, शताब्दीचं सांगितलंच आहे. आणि गौदीच्याच ग्वेल उद्यानाला मेट्रोच्या लेसेप्स स्टेशनवरून चढत जाऊ नका, सासूबाई गौदीला शिव्या देतील. वायकार्का बाजूला चढावर सरकते जिने आहेत, नाहीतर सरळ बस.

गोडा_मसाला

ठरलं. ४ ते १२ मे. १७ मेला अधिक महिना लागतोय, त्याच्या आत घरी पोचायचं असा वरून हुकूम आहे. जावयाला अनारशांचं वाण द्यायचंय, ते कुणाच्या गौदीसाठी थांबणार नाही. मी हरले हे कबूल करते, पण नवऱ्याच्या मुद्द्यांमुळे नाही. दुपारची झोप आणि नऊपर्यंतचा उजेड यामुळे. खाडीपलीकडे, तुमचा सप्टेंबर चिरंजीव दहावी झाल्यावर.

जुनी_वास्तू, संध्याकाळी सहाची तिकिटं काढते.

सान्त्सकर, सासूबाईंचा एकच प्रश्न आहे: मेमध्ये रताळी मिळतील का?

सान्त्सकर

मंडईत मिळतील, भाजून देणारी टपरी नसेल. घरी घेऊन या त्यांना. माझ्याकडे ओव्हन आहे, आणि आता पंखाही आहे.