खाट, शय्या की बेड? आणि खाटेला ‘क्षमता’ असते का?

सुरंगी (रत्नागिरी)
करोनाकाळात राज्य सरकारने रुग्णालयांचं जे नियोजन केलं, त्यावर आमच्या गटाने एक टिपण लिहिलं आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. ‘बेड कपॅसिटी’ला मी ‘खाटांची क्षमता’ लिहिलं. गटातल्या एका निवृत्त गुरुजींनी ते खोडलं. म्हणाले, क्षमता माणसाची असते, खाटेची नाही, ‘खाटांची संख्या’ लिहा. पण संख्या म्हणजे क्षमता नव्हे, हाच तर टिपणाचा मुद्दा आहे! दुसरं म्हणजे ‘सर्ज कपॅसिटी’. रुग्ण एकदम वाढले तर थोड्या दिवसांत किती वाढवता येईल, ते. ‘वाढीव क्षमता’ म्हटलं तर आधीच वाढवून ठेवलीय असं वाटतं. सुचवा.

देवरुखी
‘रुग्णशय्या’ लिहा. खाट म्हटलं की सुंभाने विणलेली, अंगणात टाकलेली खाट डोळ्यांसमोर येते. सरकारी कागदांत ‘३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय’ छापतात म्हणून ते प्रमाण होत नाही.

खाजणातला
देवरुखी, आमच्याकडे ‘शय्या’ कानावर पडते ती तेराव्याला, शय्यादानात. रात्री दोन वाजता फोन घेऊन बसलेल्या मुलाला ‘तुमच्या वडिलांना शय्या मिळाली’ असं सांगाल का? आणि खाटही संस्कृत ‘खट्वा’वरूनच आलीय. तिला कमी लेखायचं कारण नाही.

देवरुखी
व्युत्पत्ती मान्य. शय्यादानाचा मुद्दाही लक्षात आला. तरी ‘बेड’ नको. चांगले शब्द हाताशी असताना आपण ते वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बांदेकरीण
आमच्या सावंतवाडी-बांद्याकडे त्या दिवसांत एकच वाक्य होतं: ‘खाट गावली, पण डाक्टर खंय आसा?’ यात तुमची संख्या आणि क्षमता दोन्ही आली. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे बांबोळी. गोव्याचं ते सरकारी रुग्णालय कागदावर दुसऱ्या राज्यातलं, पण आम्हाला तेच जवळचं. टाळेबंदीत हद्द बंद झाली आणि सगळा भार ओरोसच्या जिल्हा रुग्णालयावर आला. साथ आली तेव्हा सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, रत्नागिरीतही नव्हतं. आमची माणसं वर्षानुवर्षं बांबोळीला जातात हे नियोजन करणाऱ्यांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

तांडेलाचा नातू
गुरुजींचं म्हणणं मला पटत नाही. वस्तूलाही क्षमता असते. आजोबा गलबत खंडीत सांगायचे, अमुक खंडीचं गलबत. पण पाठोपाठ विचारायचे, खलाशी किती? खलाशी नसले तर खंडी किनाऱ्यालाच. शिवाय ‘क्षम्’ म्हणजे सोसणं, पेलणं. ‘क्षमा’ही त्यातलीच. जे पेलवेल ती क्षमता. सुरंगीताई, तुमचा शब्द बरोबर आहे, खोडू नका.

धामापूरची
मी परिचारिका आहे. दुसऱ्या लाटेत कोकणातल्याच एका सरकारी कोविड रुग्णालयात होते, नाव लिहीत नाही. आम्ही खाटही म्हणत नव्हतो, शय्या तर नाहीच. विचारायचो एवढंच, ‘बेडला ऑक्सिजन पॉइंट आहे का?’ जिथे पाइपलाइन पोचली नव्हती तिथे जंबो सिलिंडर. एकात साधारण ७,००० लिटर. पिशवीच्या मास्कवर मिनिटाला १५ लिटर लावले की पावणेआठ तासांत संपतो, म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला तीन. नाकातून जोराचा प्रवाह देणारं मशीन ६० लिटरवर ठेवलं तर दोन तासही पुरत नाही. संपत आला की एकीने काट्यावर नजर ठेवायची, दुसरीने पान्याने नट सोडवायचा, वॉशर बघायचा, नवा जोडेपर्यंत रुग्णाला छोट्या सिलिंडरवर घ्यायचं. तेवढा वेळ बाकीच्यांकडे कोण बघणार? जाहीर होणाऱ्या आकड्यात मात्र ती खाट आणि वसतिगृहातली लक्षणं नसलेल्या माणसाची खाट एकाच बेरजेत यायची. शब्द कुठलाही घ्या, पण या दोन खाटांना एक शब्द नको.

आंबेघाट
टीका करताना थोडं सबुरीने घ्या. मार्च २०२० मध्ये अशी तयारी कुठल्या सरकारची होती? शाळा, वसतिगृहं ताब्यात घेऊन खाटा मांडल्या, खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा राखून दर बांधून दिले. ३ जूनला निसर्ग वादळ. त्यातही यंत्रणा उभी राहिली.

बांदेकरीण
२०२० चं मान्य. एप्रिल २०२१ चं काय? मधे वर्ष गेलं. मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हाही वीज गेलीच. मग २२ जुलैला चिपळूण बुडालं, कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि व्हेंटिलेटरवरची माणसं दगावली. खाट होती, यंत्र होतं. किनाऱ्यावर पावसाळा दरवर्षी येतो. तो खाटेच्या हिशेबात धरायलाच हवा होता.

खाजणातला
आणि हिशेब मुळातच तोकडा होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात १,००० लोकांमागे २ खाटा म्हटल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६ लाखांवर, म्हणजे सव्वातीन हजारांच्या आसपास खाटा हव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राला मानकाप्रमाणे ६, ग्रामीण रुग्णालयाला ३०. मांडून बघा किती केंद्रं लागतात ते. हा खड्डा साथीच्या आधीचा, कुठल्या एका पक्षाच्या सरकारचा नाही.

सुरंगी
धामापूरची, तुमचं म्हणणं टिपणात घेते, नाव-गाव न देता. तीन शब्द करते: ‘मंजूर खाटा’, ‘मांडलेल्या खाटा’, ‘चालत्या खाटा’. चालती म्हणजे जिच्यामागे माणूस, प्राणवायू आणि वीज तिन्ही आहेत ती. ‘सर्ज’चं अजून कोणीच सांगितलं नाही.

देवरुखी
‘चालत्या खाटा’ कानाला बरं लागत नाही, चाकांच्या वाटतात. ‘कार्यरत’ लिहा. ‘सर्ज’साठी ‘उधाणक्षमता’ कसं वाटतं?

तांडेलाचा नातू
उधाणाची तिथी ठरलेली असते, अमावास्या-पौर्णिमेची. साथीची नसते. नाही पटत.

धामापूरची
मला पटतं. दुसरी लाट येणार हे सगळे सांगत होतेच की.

खाजणातला
शब्द घडवताच आहात तर ‘रुग्णालय’ही सोडा, ‘इस्पितळ’ घ्या. पोर्तुगीजांकडून आलंय, चावी आणि बटाट्यासारखं. माझी आजी दुसरं काही म्हणायचीच नाही.

देवरुखी
चावी, बटाटा घरोघर रुळले, इस्पितळ तेवढं रुळलं नाही. राजापूर-लांज्याकडे आजही ‘दवाखाना’च ऐकू येतो, मग तो ३० खाटांचा असो की एका डॉक्टरचा.

बांदेकरीण
आमच्याकडे अजून म्हणतात, ‘इस्पितळात घातलो’. वेंगुर्ल्याकडचे कोणी आहेत का इथे? तुमच्याकडे काय म्हणतात?