झोर्की-४: वेगाची चकती आधी फिरवू नका, असं का म्हणतात?

पाऊसवाट
आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तिथल्या एका रशियन इंजिनिअरने परत जाताना त्यांना दिलेला झोर्की-४ हा जुना फिल्मचा कॅमेरा आता माझ्याकडे आलाय. लेन्स ज्युपिटर-८. शटर वाजतं. पण जो तो एकच ताकीद देतोय: आधी फिल्म पुढे सरकवा, मगच शटरचा वेग बदला. का बरं? आणि यावर नेमाने फोटो काढता येतील?

जुनीकाच
ताकीद तंतोतंत पाळा. वेग लावायची ही चकती शटरच्या, म्हणजे फिल्मवर प्रकाश सोडणाऱ्या, पडद्यांबरोबरच फिरते. फिल्म सरकवून शटर चढलं, म्हणजे ताणून तयार झालं, की ती खऱ्या जागी येते, तेव्हाच उचलून वेग लावायचा. आधी लावला तर खूण भलतीकडेच असते आणि संथ वेगांची यंत्रणा बिघडू शकते. ही घडण मुळात लायका या जर्मन कॅमेऱ्याची. खारकोव्हच्या फेड कारखान्याने १९३४ पासून लायका-२ ची नक्कल काढली, आणि १९४८ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला तोच कॅमेरा झोर्की नावाने बनू लागला.

पण झोर्की-४ ला नुसती नक्कल म्हणणं मला अजिबात पटत नाही. जुन्या लायकात फोकस एका भोकातून बघायचा, चौकट दुसऱ्यातून. इथे दोन्ही एकाच मोठ्या खिडकीत! रीळ गुंडाळायच्या खुंटीखालची दांडी फिरवून नजरेचा नंबरही जुळवता येतो. मागचं झाकण तळासकट निघतं, त्यामुळे फिल्म भरणं सोपं. १९५६ ते १९७३ या काळात असे सतरा लाखांवर कॅमेरे बनले, ते उगाच नाही.

आणि ती लेन्स जपा. ज्युपिटर-८ म्हणजे झाइस या जर्मन कंपनीच्या ‘सोनार’ लेन्सची रचना, सहा काचा तीन गटांत. एफ २ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, माणसांचे चेहरे काढून बघा, मऊ आणि तरीही जिवंत येतात. माझी सर्वांत लाडकी लेन्स हीच.

खाडीकाठ
लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघा. उन्हात टोपणाशिवाय ठेवू नका, सूर्याचा झोत कापडी पडद्याला भोक पाडतो. चष्मा असेल तर सांभाळा, डोळा लावायची धातूची कडा काचेवर ओरखडे काढते.

पाऊसवाट
बुरशी नाही! कॅमेऱ्याचा क्रमांक ६६ ने सुरू होतो. उजेड मोजणारा लाइट मीटर नाही, मग पहिला रोल कसा काढू?

जुनीकाच
पहिले दोन आकडे सालाचे, म्हणजे १९६६ चा. आयएसओ १०० ची फिल्म घ्या. लख्ख उन्हात एफ १६ आणि १/१२५ सेकंद, ढग आले की एफ ८.